वाट दाखवावी की हरवू द्यावे?

अद्भुतरम्य साहसी व्हिडिओ गेम मन लावून खेळणाऱ्या चार जणांना बोलते करा. सुरुवातीला तलवारी, जादू आणि राक्षसांच्या गप्पा होतील, पण थोड्याच वेळात विषय आपसूक जागांवर येईल. कुणी ‘स्कायरिम’मधल्या ब्लॅकरीचबद्दल सांगेल, जमिनीखालच्या त्या अफाट गुहेबद्दल, जिथे झाडांएवढ्या उंच अळंब्या निळसर उजेडात उभ्या असतात. कुणी ‘हॉलो नाइट’मधल्या पाऊस न थांबणाऱ्या शहराचे नाव काढेल. कुणाला ‘द विचर ३’मधला वेलेनचा वारा आठवेल. तिथे नेमके काय घडते असे विचारले, तर सांगण्याजोगे फारसे काही नसते. तरीही या जागांबद्दल माणसे आजोळाबद्दल बोलावे तशी बोलतात.

त्या जागांपर्यंत खेळणाऱ्याने पोहोचायचे कसे, यावर मात्र गेम बनवणाऱ्यांमध्ये आणि खेळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालू आहे. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा नकाशा, त्यावर पुढची वाट दाखवणारी तुटक रेघ, मुक्कामाच्या डोक्यावर तरंगणारा बाण आणि एकदा पाहिलेल्या ठिकाणी क्षणात पुन्हा जाण्याची सोय, एवढे सगळे हवे की नको? एक बाजू म्हणते, या सोयींनी जागांचा जीव घेतला. दुसरी म्हणते, या सोयी नसत्या तर निम्म्या लोकांनी त्या जागा पाहिल्याच नसत्या. वरवर पाहता हा सेटिंग्जमधल्या एका बटणाचा वाद आहे. मला तो त्याहून मोठा वाटतो, कारण एखाद्या जागेचे वातावरण नेमके कशातून उभे राहते, याचे उत्तर दिल्याशिवाय तो सुटत नाही. आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

पहिल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे ‘डार्क सोल्स’. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने २०११ साली आणलेल्या आणि हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेल्या या गेममध्ये नकाशाच नाही. सुरुवातीची शेकोटी असते फायरलिंक श्राइनमध्ये. पडक्या भिंती, थोडे गवत, राखेत खोचलेली तलवार आणि दगडावर हताश बसलेला एक योद्धा. चित्र म्हणून पाहिले तर त्यात विशेष काही नाही, याहून देखणी ठिकाणे याच गेममध्ये पुढे बरीच आहेत.

तिथून माणूस वर चढू लागतो. तटबंदीच्या वस्तीतून, ड्रॅगन आग ओकत असलेल्या पुलावरून, पुन्हा पुन्हा मरत तो एका जुन्या चर्चपाशी येतो. वाटेत एका पडक्या इमारतीत शिरताना खालून ऐरणीवर हातोडा पडल्याचा आवाज येतो. लोहार दिसायच्या आधी ऐकू येतो. तेवढ्यानेही हायसे वाटते, कारण इतक्या वेळात कानावर पडलेला हा पहिला कामाचा, माणसाच्या जगण्याचा आवाज असतो. मग चर्चच्या एका बाजूला लिफ्ट सापडते. ती खाली जाऊ लागते आणि आता कुठल्या नव्या संकटात जाऊन पडणार म्हणून खेळणारा ढाल वर धरून उभा राहतो. दार येते, चार पावले पुढे टाकावीत, तर समोर तीच शेकोटी, तोच हताश योद्धा आणि मोतोइ साकुराबा यांचे तेच संथ संगीत. इतका वेळ आपण जे दूर दूर जात होतो, ते खरे तर याच जागेच्या डोक्यावर चढत होतो, हे तिथे कळते. अख्खा प्रदेश मनात एका गाठीसारखा बांधला जातो. पहिल्या निम्म्या गेममध्ये एका शेकोटीवरून दुसरीवर उडी मारण्याची सोय नाही. अनोर लोंडो नावाच्या देवनगरीत पोहोचल्यावरच ती मिळते. ती पहिल्यापासून असती, तर ही लिफ्ट केवळ एक लिफ्ट राहिली असती.

याच बाजूने दुसरी साक्ष देतो बेथेस्डाचा २००२ सालचा ‘मॉरोविंड’. सुटका झालेला कैदी म्हणून आपण सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या गावी जहाजातून उतरतो. गावाबाहेर सिल्ट स्ट्रायडर नावाचा ताडमाड किडा उभा असतो, तिथली एसटीच ती. त्याची रडवेली हाक धुक्यातून येत राहते. या गेममध्ये पुढचा मुक्काम दाखवणारा बाण नाही. कुठे जायचे ते गावातली माणसे तोंडी सांगतात आणि ते आपल्या वहीत उतरते: नदी डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे जा, पूल ओलांडला की फाटा लागेल, अशा धाटणीचे. त्यामुळे पूल हा खरोखरच पूल म्हणून पाहावा लागतो. टेकडीचा आकार, दगडी खांब, रस्त्याचे वळण, सगळे लक्षात ठेवावे लागते. ज्या गोष्टीवर आपली वाट अवलंबून असते तिच्याकडे माणूस डोळे भरून पाहतो. तुटक रेघ मिळाली की त्याच डोळ्यांना तसे पाहण्याचे कारण उरत नाही.

धुक्याबद्दलही बोलले पाहिजे. त्या काळच्या संगणकांना लांबवरचे दृश्य एकदम रेखाटणे झेपत नसे, म्हणून ठरावीक अंतरापलीकडे सगळे धुक्यात बुडवलेले असे. पुढे हौशी मंडळींनी मॉड करून ते धुके हटवले. दृश्य सुंदर झाले, पण गेम जिथे घडतो ते बेट एकदम लहान वाटू लागले. ज्या गावी जायला अर्धी संध्याकाळ गेली, ते पलीकडच्या टेकडीमागेच होते! धुक्याने फक्त तांत्रिक उणीव झाकली नव्हती, त्याने अंतरही निर्माण केले होते. वातावरणात दिसणाऱ्या गोष्टींइतकाच न दिसणाऱ्या गोष्टींचाही वाटा असतो, हे त्या बेटावर जितके स्पष्ट कळते तितके क्वचितच कुठे कळत असेल.

इथवर ऐकले की निकाल लागल्यासारखा वाटतो. पण दुसऱ्या बाजूचे म्हणणे आळशी लोकांची तक्रार म्हणून झटकून टाकण्यासारखे नाही.

सर्वांत आधी वेळेचा मुद्दा. हरवण्याचा आनंद घ्यायला हाताशी मोकळा वेळ लागतो. सुट्टीतल्या विद्यार्थ्याकडे तो असतो. दिवसभर काम करून, लोकलमधून उभ्याने घरी येऊन, मुलांना झोपवून रात्री साडेदहाला कन्सोल लावणाऱ्या आईकडे किंवा बापाकडे तो नसतो. त्यांना पाऊण तास मिळतो. तो सारा पाऊण तास एकाच दरीत गोल गोल फिरण्यात गेला आणि आठवड्याने पुन्हा बसल्यावर आपण कुठे होतो हेच आठवले नाही, तर त्यांच्यासाठी तिथे वातावरण उरत नाही, फक्त वैताग उरतो. गेम पैसे देऊन घेतलेला असतो आणि त्यातली सुंदर जागा पाहण्याचा हक्क फक्त मोकळ्या संध्याकाळी असणाऱ्यांनाच का असावा, या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे लागते.

दुसरा मुद्दा भाषेचा, आणि तो आपल्यासाठी जवळचा आहे. मोठ्या बजेटच्या गेम्समध्ये मराठी जवळपास सापडतच नाही. ‘मॉरोविंड’मधली ती तोंडी सांगितलेली वाट इंग्रजीत असते आणि तेही परिच्छेदच्या परिच्छेद. मराठी शाळेत शिकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला तो मजकूर अडेल, बाण अडणार नाही. बाणाला भाषा नसते. ज्यांची नजर अधू आहे, ज्यांचा हात सफाईने चालत नाही, ज्यांना दिशाच लक्षात राहत नाहीत, त्यांच्यासाठीही मार्कर, म्हणजे वाट दाखवणारी अशी खूण, हा गेममध्ये शिरण्याचा एकमेव दरवाजा असू शकतो. मार्कर नको म्हणणाऱ्यांनी आपण कुणाला बाहेर ठेवतो आहोत, हे आधी पाहावे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. वाट न चालताही वातावरण पोहोचते, याचे पुरावे सगळीकडे आहेत. ‘स्कायरिम’मधले जेरेमी सोल यांचे रात्रीचे संगीत, ‘हॉलो नाइट’च्या शहरातला पाऊस हे तासन् तास चालणारे व्हिडिओ म्हणून यूट्यूबवर आहेत. ते लावून मुले अभ्यास करतात, माणसे झोपतात. त्यातल्या कित्येकांनी तो गेम कधी हातात घेतलेला नसतो. मग जागेचे मोल वाटेत आहे, हा दावा टिकतो का? माझ्या मते अर्धा टिकतो. त्या व्हिडिओतून मिळते ती मनाची अवस्था, आणि ती खरीच असते. पण जागा म्हणजे तेवढेच नसते. जागेला अलीकडची बाजू असते, पलीकडची असते, वर काय आहे आणि खाली काय आहे हे असते. ते पावसाच्या आवाजात येत नाही.

मार्करांचा मारा असूनही वातावरण टिकू शकते, याचे उदाहरण म्हणजे ‘द विचर ३’. आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथांवरून पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ साली आणलेल्या या गेममध्ये तुटक रेघही आहे आणि नकाशावर प्रश्नचिन्हेही आहेत. तरी वेलेन मनातून जात नाही. युद्धाने पिळून काढलेला, दलदलीचा, चिखलाच्या गावांचा तो मुलूख. आभाळ भरून आले की झाडे कमरेत वाकतात, पानांचा आवाज संगीतावर चढतो. एका टेकडीवरच्या झाडाला फासावर दिलेली माणसे लटकत असतात आणि घोडा त्याच्याखालून जातो. मार्चिन प्शिबिवोविच आणि पर्सिव्हल या लोकसंगीताच्या वाद्यवृंदाने केलेल्या संगीतात त्या मातीचा रांगडेपणा आहे. जागा इतकी भरीव असेल तर कोपऱ्यातला बाण तिला सहज मारू शकत नाही, हे मान्य केले पाहिजे.

पण त्याच वेलेनमध्ये वाट दाखवण्याची एक वेगळी रीत आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. क्रुकबॅक बॉग नावाच्या दलदलीत शिरायचे असते तेव्हा झाडांना टांगलेल्या गोड खाऊचा माग धरून जावे लागते. हा माग मुलांसाठी आहे. युद्धात उपाशी मरू घातलेल्या घरांतली मुले त्या वाटेने जंगलातल्या ‘बायां’कडे जातात. खाऊचा एकेक तुकडा दिसतो तसतसे पाय जड होत जातात, कारण तो कुणासाठी लावला आहे हे तोवर कळलेले असते. इथे वाट दाखवलेलीच आहे, खेळणारा हरवत नाही. पण खूण त्या मुलखातूनच उगवलेली आहे, आणि जी भीती बाणाने उणावली असती ती या खुणेने वाढवली आहे. याच गेममध्ये स्केलिगेच्या समुद्रावर मात्र चोरट्या मालाची जागा दाखवणारी प्रश्नचिन्हे नकाशाभर विखुरली आहेत. तिथे गेलेला माणूस लाटा पाहत नाही, पुढचे चिन्ह गाठतो. दोन्ही वाटा एकाच संस्थेने, एकाच गेममध्ये दाखवल्या. म्हणून खूण असावी की नसावी यापेक्षा ती कुणाच्या बाजूची आहे, त्या जागेच्या की पडद्याच्या, हा भेद मला जास्त उपयोगाचा वाटतो.

या कसोटीवर बऱ्याच गोष्टी लख्ख दिसू लागतात. ब्लॅकरीचच घ्या. तिथे सहज जाता येत नाही. बर्फात अडकलेल्या जहाजासारखा एकटा राहणारा वेडसर पंडित आधी भेटतो, तो एक गोल यंत्र देतो. मग अल्फटँड नावाच्या गोठलेल्या, वाफेच्या नळांनी धुसफुसणाऱ्या अवशेषांतून, फाल्मर नावाच्या आंधळ्या जीवांना चुकवत खाली खाली उतरायचे आणि शेवटी ते यंत्र बसवले की दार उघडते. इतक्या चेपलेल्या बोळांनंतर एकदम ते मोकळे आभाळ, म्हणजे आभाळ वाटावे इतके उंच दगडी छत. इथपर्यंतची रचना अप्रतिम आहे. पण तिथे एक काम गळ्यात पडते: ३० लाल निर्नरूट गोळा करा. ही झाडे मंद गुणगुणतात आणि पहिल्या दोन-तीनदा तो आवाज कानावर पडला की त्या गुहेचाच श्वास ऐकल्यासारखे वाटते. दहाव्या झाडाशी तो आवाज म्हणजे मोजणी उरतो. ज्या ठिकाणी थांबायला हवे होते तिथेच गेमने धावायला लावले. बाणाहून ही मोजदाद जास्त घातक आहे, असे मला वाटते, आणि या वादात तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते.

‘शॅडो ऑफ द कोलोसस’च्या बाबतीत तर हा फरक दोन आवृत्त्यांत शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो. फुमितो उएदा यांच्या २००५ सालच्या या गेममध्ये एक निषिद्ध प्रदेश आहे, त्यात १६ महाकाय जीव, एक तरुण आणि त्याचा घोडा. बाकी शत्रू नाहीत, गावे नाहीत, दुकाने नाहीत. पाली आहेत, फळे आहेत, पक्षी आहेत. पुढचा कोलोसस कुठे आहे हे कळण्यासाठी तलवार उन्हात वर धरायची: विखुरलेले किरण योग्य दिशेला वळले की एका रेषेत गोळा होतात. सावलीत ही खूण चालत नाही, म्हणून माणूस ऊन शोधत दरीतून बाहेर येतो. वाट दाखवली, आणि ती दाखवताना त्या भूमीतल्या उन्हाकडे बघायला लावले. को ओतानी यांचे संगीत बहुतेक वेळ गप्प असते, मुलखातून जाताना टापा आणि वारा एवढेच ऐकू येते. २०१८ साली ब्लूपॉइंटने याची नव्याने घडवलेली आवृत्ती काढली. गवताचे पाते न् पाते दिसते, दगडावरचे शेवाळ दिसते. जुन्या धूसरपणाच्या आठवणीने हळहळणारे लोक आहेत, पण नवे रूप ज्यांना पहिल्यांदा या प्रदेशात घेऊन गेले त्यांचा आनंद मला तितकाच खरा वाटतो. मला खटकते ती वेगळी गोष्ट. या आवृत्तीत प्रदेशभर ७९ सोन्याची नाणी लपवली आहेत. शोधणाऱ्यांना ती आवडली आणि ती घेण्याची सक्तीही नाही. तरी रिकामेपण हेच ज्या भूमीचे सारे वैभव होते, तिथे आता प्रत्येक कपारीत काहीतरी असू शकते. एकदा हे कळले की कपार पूर्वीसारखी पाहता येत नाही.

दोन्ही बाजूंना न्याय देणारी रचना अशक्य आहे का? मला ‘हॉलो नाइट’ हे त्याचे उत्तर वाटते. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या टीम चेरी या अगदी लहान चमूने २०१७ साली आणलेला हा गेम हॅलोनेस्ट नावाच्या कीटकांच्या उद्ध्वस्त राज्यात घडतो. नव्या भागात शिरलो की नकाशा कोरा असतो, म्हणजे नसतोच. तो हवा असेल तर कॉर्निफर नावाचा नकाशे काढणारा गृहस्थ शोधावा लागतो. तो जवळ असला की जमिनीवर कागदाचे कपटे पडलेले दिसतात आणि त्याचे गुणगुणणे ऐकू येऊ लागते. अनोळखी, अंधाऱ्या बोगद्यात घाबरून फिरताना ते गुणगुणणे कानावर येणे हा या गेममधला एक मोठा दिलासा आहे. पैसे मोजले की तो अर्धवट नकाशा देतो. उरलेला आपण भरायचा, त्यासाठी वर गावात त्याची बायको इसेल्डा लेखणी विकते. भरलेली वाट नकाशावर उमटते ती आपण बाकावर बसून विसावलो की. आपण स्वतः नकाशावर कुठे आहोत हे दिसायला हवे असेल तर होकायंत्राचा ताईत विकत घेऊन अंगावर बांधावा लागतो, आणि तो बांधला की लढाईत कामी येणाऱ्या ताइतासाठी तेवढी जागा कमी होते.

मदत आहे, सगळ्यांना आहे, पण ती त्या जगातल्या एका माणसाकडून येते आणि तिला किंमत आहे. या रचनेतून मग ‘सिटी ऑफ टिअर्स’ येते. बुरशीच्या दमट भागातून आपण पुलापाशी येतो, शिक्का बसवतो, दार उघडते आणि आत गेल्यावर मागे धाडकन बंद होते. मग निळ्या काचा, उंच खिडक्या, काचेवरून ओघळणारे पाणी आणि क्रिस्टोफर लार्किन यांच्या संगीतातला एक दूरचा स्त्रीस्वर. खिडकीजवळच्या बाकावर क्विरेल नावाचा प्रवासी बसलेला भेटतो. जमिनीखालच्या शहरात पाऊस कसा, वर कुठेतरी भरपूर पाणी असले पाहिजे, असे तो सहज बोलून जातो. कोणते काम म्हणून नाही, नकाशावर चिन्ह म्हणून नाही. पुष्कळ नंतर, भलत्याच वाटेने चढत गेल्यावर, शहराच्या डोक्यावर एक शांत निळे तळे लागते. तिथे कुणी काही समजावून सांगत नाही. तळ्याच्या काठाशी उभे राहिल्यावर खालचा तो सारा पाऊस आपोआप समजतो. खेळणाऱ्याच्या समजुतीवर इतका विश्वास टाकणारा दुसरा क्षण मला या प्रकारच्या गेम्समध्ये चटकन आठवत नाही.

बाकीच्यांचे थोडक्यात. ‘जर्नी’ने २०१२ साली समोर एक प्रकाशमान शिखर ठेवले आणि दुसरी खूण ठेवलीच नाही. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने २०१७ साली दुर्बीण हातात दिली आणि पठारावरून दिसणाऱ्या हायरूलवर खुणा खेळणाऱ्यालाच लावायला सांगितल्या. शिवाय कोपऱ्यातला नकाशा लपवायची सोयही दिली. ‘एल्डन रिंग’ २०२२ साली आला तेव्हा त्यात कामांची यादी नव्हती, भेटलेली माणसे पुन्हा कुठे सापडतील याचा पत्ता नव्हता. त्याच गेममध्ये मिस्टवूडच्या रानातल्या विहिरीसारख्या इमारतीतून लिफ्ट खाली जाते, जातच राहते, आणि तळाशी दार उघडले की जमिनीखाली तारे दिसतात. सिओफ्रा नदीचा तो पहिला देखावा कोणत्याही बाणाशिवाय लाखोंना सापडला. पण महिनाभरातच फ्रॉमसॉफ्टवेअरने एका अपडेटमध्ये भेटलेल्या पात्रांच्या जागा नकाशावर दाखवायला सुरुवात केली. काहींना ती माघार वाटली. मला तो समंजसपणा वाटतो: तारे त्यांनी लपलेलेच ठेवले आणि माणसे शोधताना होणारी निव्वळ फरफट कमी केली. काय शोधू द्यावे आणि काय हाती द्यावे, यातला फरक त्यांनी ओळखला.

हा वाद आता आपल्या दाराशीही आला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ आणला. सर्कशीत काम करणारी राजी आपला भाऊ गोलू याला असुरांकडून सोडवायला निघते, आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. राजस्थानी वास्तूंच्या धर्तीचे महाल, जाळ्या, छत्र्या, बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडणारे प्रसंग, सगळे मनापासून घडवलेले आहे. यात वाट एकच आहे आणि कॅमेरा कुठून पाहील हेही ठरलेले आहे. हरवायला जागा नाही. वर मांडलेल्या पहिल्या बाजूच्या काटेकोर नियमाने हा गेम नापास व्हावा. पण भिंतीवरच्या चित्रापाशी राजी थांबते, कॅमेरा मागे सरकतो, ती एवढीशी होते आणि महाल अवाढव्य होतो, तेव्हा ठरलेल्या वाटेवरही जागा उभी राहते. लहान चमूला हरवता येईल एवढा मोठा मुलूख बांधणे परवडत नाही. त्यांच्यापुढे खरा प्रश्न असतो तो या एकाच वाटेवर खेळणाऱ्याला कुठे थांबवायचे याचा. आपल्याकडे बहुतेक खेळणे मोबाइलवर, बसस्टॉपवर नि जेवणाच्या सुट्टीत होते. उद्या पुण्यामुंबईत कुणी सह्याद्रीचा एखादा घाट गेममध्ये बांधायला घेतला, तर त्यांनी मुलखाचा आकार मोजण्याऐवजी हा थांबण्याचा हिशेब मांडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

म्हणून माझा कौल असा. मदत प्रत्येक गेममध्ये असावी आणि मागितली की मिळावी. ती मागायला लाज वाटेल अशी तिची रचना नसावी. पण पहिल्यांदा गेम सुरू होतो तेव्हा बाण बंद असावा, आणि मुख्य म्हणजे बाण बंद ठेवूनही गेम खेळता येईल अशी लोकांची बोलणी, रस्ते, डोंगर रचलेले असावेत. ‘द विचर ३’मध्ये नकाशा लपवता येतो, पण मग पात्रांच्या बोलण्यातून वाट पुरेशी कळत नाही. नुसते बटण देऊन जबाबदारी संपत नाही. आणि जी जागा सर्वांत सुंदर जमली असेल तिथे तरी मोजून गोळा करायच्या वस्तू ठेवू नयेत.

एका प्रश्नावर मात्र या कौलानेही समाधान होत नाही. ‘डार्क सोल्स’मध्ये ब्लाइटटाउनच्या विषारी चिखलात एक प्रचंड झाड आहे. त्याच्या बुंध्याशी एक भिंत खोटी आहे. तिच्यावर वार केला की ती विरते आणि आत एक पेटी दिसते. पेटीत लाकडी फळ्यांची साधी ढाल. इतकेच होते तर, म्हणून बहुतेक जण मागे वळतात. पण पेटीमागची भिंतही खोटी आहे. तिच्यापलीकडे पोकळ झाडातून फांद्यांवर पाय टाकत, घसरत, मरत खाली उतरले की अॅश लेक लागते. पांढरी वाळू, स्तब्ध पाणी, क्षितिजापर्यंत उभे राखाडी बुंधे, लांबून येणारा समूहस्वर आणि टोकाला निश्चल बसलेला दगडी ड्रॅगन. ही जागा कितीतरी लोकांनी गेम संपवूनही पाहिली नाही. कुण्या चित्रकाराने, कुण्या संगीतकाराने यासाठी जीव ओतला, आणि ती अशी गाडून ठेवावी का?

मी गाडून ठेवावी असेच म्हणेन, आणि ते म्हणताना ज्यांची ती हुकेल त्यांचे नुकसान मला खरे वाटते. पण त्या गेममध्ये एक सोय आहे जिचा विचार इतरांनीही करावा. ऑनलाइन खेळताना एका खेळणाऱ्याला दुसऱ्यासाठी जमिनीवर चार शब्दांचा संदेश लिहून ठेवता येतो. शब्द ठरावीक यादीतूनच निवडायचे असतात. काही संदेश खरे असतात, काही कड्यावरून उडी मारायला सांगणारे खोटे. बनवणाऱ्यांनी त्या दुसऱ्या भिंतीवर बाण लावला नाही, पण तिच्यापुढे कुणीतरी आधी आलेल्याने लिहून ठेवलेले असते की पुढे छुपी वाट आहे. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे पेटीतली ढाल हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचे.